गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : आपल्याच जिल्ह्यानं जगाला काय दाखवलं

गटाच्या बैठकीत आपण हप्त्याचं बोलतो, सोयाबीनच्या भावाचं बोलतो. पण अंगावरून पांढरं जातंय, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, हे मात्र पदराआड ठेवतो. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

१९९९ साली आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल त्यात होतं. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात आल्या. काही गावांत एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी झाली, काही गावांत इतर दोन प्रकारच्या तपासण्या झाल्या, तर काही गावांत नेहमीचेच उपचार चालू राहिले.

आठ वर्षांनी हिशेब केला. एचपीव्ही तपासणीच्या गटात सुमारे ३४ हजार बायका होत्या, त्यातल्या ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न झालेल्या गटात सुमारे साडेएकतीस हजार होत्या, त्यातल्या ६४ जणी गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ साली हे जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. ही शिकवण आपल्याच आया-सासवांनी दिलेली आहे.

असं का होतं? हा रोग एका रात्रीत होत नाही. विषाणू बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो. काहींच्या राहतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात. त्या वर्षांत काही दुखत नाही. म्हणूनच दुखायची वाट बघायची नाही.

सरकारी दवाखान्यात तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करायची असते. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावतात. मिनिटभरात बिघडलेली जागा पांढरी दिसते. डाग दिसला म्हणजे कॅन्सरच झाला असं नाही. पुढची तपासणी मात्र टाळू नका. सुरुवातीचा दोष छोट्या उपचारानं निघतो, पिशवी काढावी लागतेच असं नाही.

लघवीच्या पिशवीचाही कॅन्सर होतो. काही मोठ्या दवाखान्यांत पिशवीत औषध घालून निळ्या उजेडात दुर्बिणीनं बघतात, तेव्हा रोगट जागा गुलाबी चमकते. पण तिथवर जायचं तर आधी आपण सांगायला हवं. लघवीतून रक्त गेलं, दुखत नसलं तरी, पाळीचं असेल म्हणून सोडून देऊ नका.

पुढच्या बैठकीत तिशीवरच्या बायकांची यादी करूया. आशाताईंना दिवस विचारूया आणि सगळ्या मिळून जाऊया. एकटीला लाज वाटते, दहा जणींना वाटत नाही.