काराबाख : शेजाऱ्यांचे वैर कसे घडते?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दोन शेजारी लोकसमूह एकमेकांच्या जिवावर उठले की ‘शतकानुशतकांचे वैर’ असे म्हणून वर्तमानपत्रे मोकळी होतात. आर्मेनियन ख्रिस्ती, अझरबैजानी मुसलमान. तेव्हा ते लढणारच, असे समजून वाचक पान उलटतो. इतकेच सोयीचे दुसरे एक स्पष्टीकरण आपल्या गोटात प्रचलित आहे. जनता मूलतः निर्वैर असते, भांडवलदार आणि सत्ताधारी तिला लढवतात, असे आपण म्हणतो. काराबाखच्या इतिहासापुढे या दोहोंपैकी एकही टिकत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम बाकू शहराकडे पाहू. १९०४ च्या डिसेंबरात तेथील तेलकामगारांनी सार्वत्रिक संप करून मालकांकडून सामूहिक करार पदरात पाडून घेतला. रशियन साम्राज्यातील अशा स्वरूपाचा हा पहिलाच करार मानला जातो. आणि अवघ्या दोन महिन्यांत, फेब्रुवारी १९०५ मध्ये, त्याच शहरात आर्मेनियन व अझरबैजानी (त्या काळी त्यांना ‘तातार’ म्हणत) यांच्यात कत्तली झाल्या. उन्हाळा सरता सरता तेलक्षेत्रेही पेटली. झारच्या अधिकाऱ्यांनी कानाडोळा केला, हे खरेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. तेलधंद्यातील कुशल कामे प्रामुख्याने रशियन व आर्मेनियन कामगारांकडे होती, तर अंगमेहनतीची, हलक्या मजुरीची कामे मुसलमानांकडे. मालकांतही आर्मेनियन बरेच. म्हणजे ज्याला आपण एक वर्ग म्हणतो, त्याच्या आतच धर्माची आणि भाषेची उतरंड होती. संपाने मजुरी वाढली, उतरंड तशीच राहिली. अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांना सरासरीचा फार मोह असतो. सरासरी मजुरीच्या आकड्यात ही उतरंड दिसत नाही.

पुढे सोव्हिएत सत्ता आली. ४ जुलै १९२१ रोजी पक्षाच्या कॉकेशस विभागाने काराबाखचा डोंगराळ भाग आर्मेनियाला जोडण्याचे ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी तो निर्णय फिरवून हा भाग अझरबैजानात ठेवला. १९२३ मध्ये त्याला स्वायत्त प्रदेशाचा दर्जा मिळाला. त्या वेळी तेथील दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे आर्मेनियन होती. १९८९ च्या जनगणनेत हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या थोडे वर उरले. शाळा, भाषा, गुंतवणूक यांचे निर्णय बाकूत होत आणि त्याविषयीची तक्रार म्हणजे संकुचित राष्ट्रवाद ठरे. तक्रार मांडायला व्यासपीठच नव्हते. ती घराघरांत मुरत राहिली.

२० फेब्रुवारी १९८८ रोजी स्वायत्त प्रदेशाच्या सोव्हिएतने आर्मेनियात विलीन होण्याची रीतसर मागणी केली. आठवडाभरात सुमगाईत येथे आर्मेनियनांवर हल्ले झाले. अधिकृत आकडा ३२ मृतांचा. त्यांत २६ आर्मेनियन, ६ अझरबैजानी. सुमगाईत हे काही मागासलेले खेडे नव्हते. महायुद्धानंतर समाजवादी औद्योगिक नगर म्हणून ते उभारले होते. कारखाने होते, पण राहायला धड घरे नव्हती. आर्मेनियन शेजाऱ्यांना स्वतःच्या घरात लपवणारे अझरबैजानीही तेथे होते. मॉस्कोने मात्र या प्रकाराला गुंडगिरी म्हटले आणि खटले सुटे सुटे चालवून प्रकरण मिटवले. त्याच वर्षी आर्मेनियातून अझरबैजानींना हुसकून लावण्यात आले. गुगार्क भागात त्यांच्याही हत्या झाल्या. पुढील दोन-तीन वर्षांत सुमारे साडेतीन लाख आर्मेनियनांनी अझरबैजान सोडले आणि सुमारे दोन लाख अझरबैजानींनी आर्मेनिया.

या पळापळीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अझरबैजानातील केरकेंज हे आर्मेनियनांचे गाव आणि आर्मेनियातील किझिल-शफाग हे अझरबैजानींचे. १९८९ मध्ये या दोन गावांच्या लोकांनी आपसांत बोलणी करून गावांचीच अदलाबदल केली. घराच्या बदल्यात घर ठरले. आणि एकमेकांच्या पूर्वजांची दफनभूमी सांभाळण्याचे वचन दिले गेले. ते वचन दोन्ही बाजूंनी पाळले गेले. कोणत्याही सरकारने त्यांना हे सांगितले नव्हते. युद्धाच्या काळातही जॉर्जियातील सादाख्लोच्या बाजारात आर्मेनियन आणि अझरबैजानी व्यापारी एकमेकांशी सौदे करीत होते. अर्थात बाजार भरतो म्हणून सलोखा नांदतो, असे मी म्हणणार नाही. बाकूतही बाजार होताच.

युद्धाचा क्रम थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजालीतून पळणाऱ्या शेकडो अझरबैजानी नागरिकांना ठार मारण्यात आले. १९९४ च्या शस्त्रसंधीपर्यंत आर्मेनियन फौजांनी काराबाखभोवतीचे सात जिल्हेही पूर्णतः वा अंशतः व्यापले आणि तेथील काही लाख अझरबैजानी निर्वासित झाले. १९९७ मध्ये आर्मेनियाचे अध्यक्ष लेव्होन तेर-पेत्रोस्यान यांनी तडजोडीची निकड लेख लिहून मांडली. १९९८ च्या फेब्रुवारीत त्यांना पद सोडावे लागले. अझरबैजानी लेखक अक्रम आयलिसली यांनी आर्मेनियनांवरील अत्याचार कादंबरीत चितारले, तर २०१३ मध्ये त्यांची पदवी आणि निवृत्तिवेतन काढून घेण्यात आले, त्यांची पुस्तके जाळली गेली. वैर आपोआप टिकत असते, तर एका लेखाची आणि एका कादंबरीची एवढी धास्ती कशाला? ते रोज पोसावे लागते. पोसणाऱ्यांत सरकारे असतात, तसे आपले मृत मोजणारे आणि दुसऱ्याचे न मोजणारे साधे नागरिकही असतात.

दरम्यान तेलाच्या पैशातून अझरबैजानने शस्त्रे घेतली. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात त्याने गमावलेला बहुतेक प्रदेश परत जिंकला. डिसेंबर २०२२ पासून लाचिनचा रस्ता रोखला गेला आणि सप्टेंबर २०२३ च्या हल्ल्यानंतर एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांतच काराबाख सोडून गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या झाल्या, त्या एका रित्या झालेल्या प्रदेशाच्या पार्श्वभूमीवर.

आता आपल्याविषयी. आपल्याकडे अनेकांनी आर्मेनियाची बाजू घेतली, ती पाकिस्तान अझरबैजानच्या पाठीशी आहे एवढ्याच कारणाने. २०२५ पर्यंत पाकिस्तानने आर्मेनियाला मान्यताही दिलेली नव्हती. पुण्यातील संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘पिनाक’ अग्निबाण यंत्रणा आपण आर्मेनियाला विकली, याचा अभिमान आपल्या सभांतही मी ऐकला आहे. दुर्बलाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या वैराच्या मापाने दुसऱ्यांचे वैर मोजणे हे परराष्ट्रधोरण नव्हे. म्हणून परराष्ट्रधोरणावरील ठरावाच्या मसुद्यात मी एक दुरुस्ती सुचवीत आहे. काराबाखच्या आर्मेनियनांना सुरक्षितपणे घरी परतण्याचा हक्क असावा, तसाच तो १९८८ नंतर आर्मेनियातून गेलेल्या अझरबैजानींनाही असावा. आणि दोन्ही हक्कांचा उल्लेख एकाच वाक्यात व्हावा.