हान्स बेटाची वाटणी



सव्वा चौरस किलोमीटरचा एक उघडा खडक; त्यावर झाड नाही, घर नाही. अशा खडकासाठी दोन सुसंस्कृत राष्ट्रे जवळजवळ अर्धे शतक भांडत राहिली, हे ऐकून कोणालाही हसू येईल. आमचे म्हणणे एवढेच की, हसून झाल्यावर या भांडणाचा थोडा विचार करावा.

हे हान्स बेट. उत्तर ध्रुवप्रदेशात, ग्रीनलंड आणि कॅनडाचे एल्समीअर बेट यांच्यामधील नेअर्स सामुद्रधुनीत ते आहे. दोन्ही किनारे तेथून सुमारे १८ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन मोहिमांना वाट दाखविणारा आणि शिकार करून त्यांना जगविणारा ग्रीनलंडचा इन्युइट वाटाड्या हान्स हेन्ड्रिक, त्याचे नाव बेटाला मिळाले. इन्युइट लोक मात्र त्याला तार्तुपालुक म्हणतात. कारण त्याचा आकार मूत्रपिंडासारखा आहे.

१९७३ साली डेन्मार्क व कॅनडा यांनी समुद्रतळाची हद्द आखली. रेषा बेटाच्या एका काठाशी थांबली आणि दुसऱ्या काठापासून पुढे निघाली. मधला खडक कोणाचा, हे ठरलेच नाही. १९८४ साली डेन्मार्कचे मंत्री टॉम होयम यांनी तेथे निशाण रोवले आणि मद्याची बाटली ठेवली. २००५ साली कॅनडाचे संरक्षणमंत्री बिल ग्रॅहम जाऊन आले, तेव्हा डेन्मार्कने निषेध नोंदविला.

मग एवढासा खडक कोणी सोडून का दिला नाही? राष्ट्रांना भीती दगडाची नसते, पायंड्याची असते. आज येथे हक्क सोडला, तर उद्या दुसरीकडे तेच उदाहरण पुढे केले जाईल, ही ती भीती.

अखेर १४ जून २०२२ रोजी ओटावा येथे करार झाला आणि बेट दोघांत वाटले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले होते. सरहद्दी तोफांनी नव्हे, बोलण्याने ठरविता येतात, हे जगाला दाखविण्याची हीच वेळ होती.

कोणी म्हणेल, मित्रामित्रांतला तंटा मिटला, यात नवल ते काय? नवल हेच की, मित्रांनाही त्यासाठी ४९ वर्षे लागली! आणि करारातील खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. रेषा आखली गेली, तरी इन्युइटांची तेथील ये-जा आणि शिकार अबाधित ठेवण्यात आली. वस्ती नसलेली जागा कोणाचीच नसते असे नाही. निशाणे येण्यापूर्वी तेथे शिकारी येत होते. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने त्या जागेवर चालणाऱ्या माणसाला आधी विचारावे, एवढा बोध आपण या ओसाड खडकापासून घेतला, तरी पुष्कळ झाले.