सागरकड्याने शिकविलेली शिस्त

(तरुण प्रस्तरारोहकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



जिवावर उदार होणे म्हणजे साहस, अशी समजूत अलीकडे रूढ होत आहे. ती तपासून पाहण्यासाठी मी आज आपणांस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कने द्वीपसमूहात नेणार आहे.

तेथील हॉय बेटाच्या किनाऱ्यावर तांबड्या वालुकाश्माचा १३७ मीटर उंचीचा सुळका उभा आहे. त्याचे नाव ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’. त्याचा पायथा मात्र आपल्या सह्याद्रीप्रमाणे बेसॉल्टचा आहे. १७५० च्या नकाशात हा सुळका नाही. तेथे अखंड भूशिर दाखविले आहे. लाटांनी ते पोखरून हा ‘म्हातारा’ घडविला. म्हणजे वयाने तो आपल्या रायगडाच्या तटबंदीहूनही धाकटा!

१९६६ मध्ये टॉम पेटी, रस्टी बेली आणि ख्रिस बॉनिंग्टन यांनी तो प्रथम सर केला. पुढच्याच वर्षी बीबीसीने तेथील आरोहणाचे थेट प्रक्षेपण केले. या मार्गाचा दुसरा टप्पा सर्वांत कठीण. प्रथम कड्यावरून आडवे सरकायचे आणि मग अंगावर झुकलेल्या भेगेतून वर चढायचे. खाली समुद्र गर्जत असतो. कपारीतले फुलमार पक्षी जवळ येणाऱ्यावर दुर्गंधीयुक्त तेल ओकतात.

पारंपरिक पद्धतीत पुढचा आरोहक भेगेत धातूच्या पाचरी अडकवीत जातो आणि मागून येणारा त्या काढून घेतो. आपला आधार आपणच पारखून बसवायचा, अशी ही रीत आहे. उतरताना तर दूरदृष्टीचीच परीक्षा! कडा झुकलेला असल्याने दोरावरून उतरणारा माणूस अधांतरी लोंबकळतो. म्हणून चढतानाच त्या टप्प्यावर एक दोर मागे बांधून ठेवतात. परतीचा विचार असा आरंभीच करावा लागतो.

२०१९ मध्ये दृष्टिहीन जेसी डफ्टन यांनी स्वतः आघाडीवर राहून हा सुळका सर केला. पाचरींची जागा ते हातांनी चाचपून ठरवीत. दोर सांभाळणारी त्यांची वाग्दत्त वधू खालून बिनतारी यंत्रावरून मार्गदर्शन करीत होती. याला बेफिकिरी कोण म्हणेल? हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे आणि परस्परविश्वासाचे फळ होय.

आता आपल्याकडे वळू. सह्याद्रीच्या कातळात सलग भेगा सर्वत्र मिळत नाहीत. तेथे बोल्ट ठोकणे अटळ ठरते. परंतु भेग समोर असताना केवळ सोयीसाठी कातळाला भोक पाडणे कितपत उचित? ते भोक पुन्हा बुजत नाही. आपल्या मागून येणाऱ्या पिढीचा त्या कातळावर आपल्याइतकाच अधिकार आहे.

म्हणून उद्या सुळक्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : माझ्या परतीची वाट सिद्ध आहे काय? आणि माझ्यामागे हा कातळ होता तसाच राहील काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर निःशंक मनाने दोर बांधा.