आजीचे सुजलेले घोटे आणि फार्माकॉलॉजीवाली माणसं

मागच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. गाडीवर ऐकताना नावं नीट कळली नाहीत, असे बरेच मेसेज आले, म्हणून इथे टाकतोय. माझे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

तर मी खर्ड्याचा. जामखेड तालुका. हो, तेच, १७९५ ची निजामाशी लढाई आणि किल्ला. पण आज विषय लढाईचा नाही, गोळीचा आहे.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तर आजी ओट्यावर पाय लांब करून बसलेली. घोटे टम्म. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा, चप्पल चढेना. "वय झालं बाबा, पाय सुजायचेच," ती म्हणाली. घरात मात्र 'किडनी' हा शब्द फिरायला लागला होता. मीठ बंद केलं. कुणीतरी लघवी जास्त होण्याची गोळी सुरू करून दिली. मग आजी रात्री चार-चार वेळा उठायला लागली आणि एका रात्री न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली. डोक्याला तीन टाके.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी एकच गोष्ट वेगळी केली. म्हणाले, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. त्यात बीपीची अम्लोडिपिन होती, तिचा डोस दोन महिन्यांपूर्वी वाढवलेला. "हिच्यामुळे घोटे सुजू शकतात," ते म्हणाले. त्यांनी गोळी बदलली, लघवीची बंद केली. तीनेक आठवड्यांत चप्पल चढली. (तुमच्या घरी असंच असेल तर गोळी आपल्या मनाने थांबवू नका. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही.)

आमच्या धंद्यात याला 'नोन इश्यू' म्हणतात. म्हणजे आधीच कुणीतरी बघितलेला, नोंदवलेला बग. माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं: औषधांचे बग नोंदवणारी माणसं कोण?

ती म्हणजे फार्माकॉलॉजिस्ट. मेडिकलवाला वेगळा, तो फार्मासिस्ट. औषध शरीरात गेल्यावर काय करतं, किती डोसला करतं आणि नको ते काय करतं, याचा अभ्यास करणारा तो फार्माकॉलॉजिस्ट. आपल्याकडे या विषयाचे जनक मानले जातात कर्नल रामनाथ चोप्रा. १९२१ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्राध्यापक झाले. तेव्हा बाजारात भेसळीचा सुळसुळाट होता, मलेरियावरचं क्विनाइनसुद्धा खोटं मिळायचं. १९३० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली, अध्यक्ष चोप्रा. पुढच्या वर्षी अहवाल आला. कायदा कधी झाला? १९४० मध्ये. नऊ वर्षं! आमचं एखादं तिकीट इतकं पडून राहिलं असतं तर क्लायंट पळाला असता.

आता मुंबईत या. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथली आहे. सर्पगंधा ही मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात. तिने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये छापलं होतं, पण बाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांच्या नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. तीन वर्षांत एका स्विस कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि बीपीवर जगभर वापरलं जाणारं औषध तयार झालं. पुढे लक्षात आलं की ते घेणारे काही रुग्ण उदास होतात. हेही कळलं ते कुणीतरी बघून लिहून ठेवलं म्हणूनच.

स्वातंत्र्यानंतर हा विषय शरीरक्रियाशास्त्राच्या बरोबरीने चालायचा, दोघांचं नियतकालिक एकच, १९५७ पासूनचं. साठच्या दशकात फार्माकॉलॉजीवाल्यांनी इंडियन फार्माकॉलॉजिकल सोसायटी ही स्वतःची संस्था काढली. १९६९ पासून इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी निघतंय, दरवर्षी अधिवेशन भरतं, चोप्रांच्या नावाचं व्याख्यान होतं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण एका गावातल्या डॉक्टरला दिसलेली गोष्ट दुसऱ्या गावातल्या डॉक्टरपर्यंत पोचायची तर असाच काहीतरी रस्ता लागतो. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. यू. के. शेठ यांनी औषधं माणसांवर नीट तपासण्याची शाखा उभी केली. पुढे तिथल्याच डॉ. शरदिनी डहाणूकरांनी गुळवेलीसारख्या वनस्पती आधुनिक पद्धतीने तपासल्या. 'फुलवा' लिहिणाऱ्या त्याच बाई!

रस्ता असूनही माणसं मेली, हेही सांगायला हवं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. याच विषाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते. म्हणजे नोन इश्यूच, जवळपास पन्नास वर्षं जुना. चौकशीला न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला.

आता तुमच्या फोनशी संबंध. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. डॉक्टरच हवा असं नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. फॉर्म मराठीत आहे आणि पुरावा लागत नाही, संशय पुरतो. आमच्या भागात ही कल्पना नवी नाही. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. शाळा न शिकलेली बाई गावातलं दुखणं ओळखू शकते, हे आम्ही बघितलंय.

मी फॉर्म भरला. औषधाचं नाव, डोस, कधी सुरू, कधी बंद. बॅच नंबरला अडलो. आजीने ट्रंकेतून अर्धी उरलेली स्ट्रिप काढून दिली, "पैसे दिलेत, टाकायची कशी?" म्हणून जपलेली.

"कुणाला कळवलंस रे?"

"सरकारला."

"माझ्या पायाचं?" ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "टाक्यांचं पण लिही."