घटकाभर एकांत



चार माणसांत बोलण्याच्या धास्तीने ज्यांची छाती धडधडते, हात कापतात, त्यांना आपण लाजाळू म्हणून सोडून देतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली ही स्वतंत्र व्याधी म्हणून नोंदविली. आमच्याच बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहून असे काही रुग्ण केसपेपर न काढता परतले, हे आम्हांस उशिरा उमगले. म्हणून जिन्यालगतची एक खोली आम्ही मोकळी ठेविली आहे. तेथे घटकाभर एकटे बसावे, श्वास संथपणे सोडावा आणि मग डॉक्टरांकडे यावे. लग्नघरी गच्चीही तेवढीच उपयोगी. मात्र परतणे चुकवू नये. टाळत राहिल्याने भीती बळावते. आपल्या घरचे कोणी असे उठून गेले, तर हाका मारू नयेत. त्यांची जागा तेवढी राखून ठेवावी, ही विनंती.