गोळी घेतली, पण जेवलीस का?

वस्तीतल्या बैठकीत मधुमेह असलेल्या बायकांना मी आधी एकच विचारते, "घरात शेवटी कोण जेवतं?" सगळ्या हसतात. पण धोका तिथेच आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबलं, की रक्तातली साखर घसरते. घाम येतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. साखर ७० च्या खाली गेली, तर लगेच चहाचे ३ चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची आणि मग जेवायचं.

उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याने साखर झपाट्याने चढते. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी हेच आपलं पथ्य, भात-भाकरी बेताची. पैसे नाहीत म्हणून गोळी बंद करू नका, डॉक्टरांकडून स्वस्त जेनेरिक औषध लिहून घ्या.

नवऱ्याला मधुमेह झाला, की घराचा स्वयंपाक बदलतो. बाईला झाला, की ती एकटीच पथ्य करते, तेही उरल्यासुरल्यावर. म्हणून सांगते, वेळेवर जेवणं हा स्वार्थ नाही. तो उपचार आहे आणि आपला हक्कही.