सळई बांधणाऱ्याची परीक्षा



सुताराने दार केले, तर ते सगळ्यांना दिसते. वाकडे झाले, तर आपण त्याला बोलावून सांगतो. सळई बांधणाऱ्याचे काम तसे नाही. तो दोन दिवस राबतो. तिसऱ्या दिवशी काँक्रीट पडते आणि त्याचे सगळे काम झाकून जाते. मग चूक कोणाला दिसणार?

एक उदाहरण घ्या. घराबाहेर काढलेल्या सज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी. सज्जा खाली झुकू लागला की त्याची वरची बाजू ताणली जाते. तो ताण लोखंडाने सोसायचा असतो. सळई खाली बांधली, किंवा काँक्रीट ओतताना पाय पडून दबली, तर सज्जा तुटतो. खाली कोणाचे तरी लेकरू उभे असते.

दुसरे उदाहरण रिंगांचे. कॉलमच्या रिंगेची टोके काटकोनात वळवून भागत नाही. ती आणखी अर्धा काटकोन आत वळवावी लागतात. म्हणजे भूकंपात रिंग उघडत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. दूर अहमदाबादेतही सिमेंटच्या इमारती कोसळल्या. तज्ज्ञांनी पाहणी केली. कित्येक ठिकाणी रिंगा विरळ होत्या, टोके काटकोनातच वळवलेली होती.

म्हणून काम झाकण्याआधी हात पारखलेला बरा. केंद्र सरकारने २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू केली. कामावरच शिकलेल्या माणसाचे कसब तपासून त्याला दाखला द्यायचा, अशी सोय तिच्यात केली. सळईच्या कामाला तिथे 'बार बेंडर अँड स्टील फिक्सर' म्हणतात. शाळा सुटली म्हणून कसब वाया जात नाही, हे त्यामागचे तत्त्व. परीक्षक प्रश्न विचारतो आणि काम करवून पाहतो. सळई मापाने कापणे, वाकवणे, तारेने बांधणे, कव्हर ब्लॉक लावणे, हे सारे आले पाहिजे.

दाखला मिळाला की दुसऱ्या दिवशी मजुरी वाढते, असं मी सांगणार नाही. पण परक्या शहरात, अनोळखी मुकादमापुढे, "मी बिगारी नाही, कारागीर आहे," हे कागदावर दाखवता येतं. तोंडच्या बोलण्यापेक्षा त्याला वजन असतं.

आता तुमच्या वाचनाचा इथे काय उपयोग, ते ऐका. नकाशात लिहिलेले असते, ८ मिलिमीटरची सळई, १५० मिलिमीटर अंतराने. ज्याला हे वाचता येते, त्याला दुसऱ्याला विचारावे लागत नाही. नकाशातले अंक बहुधा इंग्रजी असतात. तेवढे दहा अंक याच वर्गात शिकून घ्या.

आणि एक सांगतो. परीक्षेला बसण्याआधी फी किती, दाखला कोण देणार, हे विचारा. कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आता तुम्हाला सही येते. वाचा, मग सही करा.